बॅच कोण घेणार

सूर्यभान : बघू म्हणजे नाय. हा शब्द मला नको शिकवू, इंद्रजीत. आख्खी उमर संस्थावाल्यांच्या तोंडून हेच ऐकत आलो. बघू सर, जूनमध्ये बघू.

इंद्रजीत : मी कधी संस्थावाला होतो रे?

सूर्यभान : त्यांच्या बाजूच्या खुर्चीत तर होतास. कॉलेजचा क्रीडा संचालक. दारावर पाटी होती तुझ्या नावाची.

इंद्रजीत : पाटी होती, दाराला कडी नव्हती. जाऊ दे. तू आधी नीट टेकून बस. सोमवारी तुझं बायपास आहे, आणि तू पोरींच्या पळण्याची चिंता करत बसलायस.

सूर्यभान : मग कधी करू? सोमवारपासून मी आडवा. डॉक्टर म्हणतो, तीन महिने ऊन नाय, दगदग नाय, ओरडायचं तर अजिबात नाय. आणि पोलीस भरतीची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात. दहा-बारा पोरी आहेत. त्यांना काय सांगू, सरांचं काळीज बंद पडायला आलं, तुम्ही घरी बसा?

इंद्रजीत : शहरात भरतीच्या अकॅडम्या काय कमी आहेत? चौकाचौकात बॅनर आहेत.

सूर्यभान : तिकडं पोरं गेली सगळी. माझ्याकडं राहिल्या त्या पोरी. का राहिल्या, ठाऊक आहे? त्यांच्या बापांना म्हातारा मास्तर चालतो. पहाटं अंधारात पोरगी पाठवायची तर मास्तराचे केस पांढरे पाहिजेत. तुझेबी आता झाले. म्हणून तर तुला बोलावलं.

इंद्रजीत : केसांवर कोचिंग होत नाही, सूर्या.

सूर्यभान : तुला कोचिंग येतं. विद्यापीठात आपल्या वर्गात तुझ्याएवढं पळणं कुणाला कळत होतं? मी आपला कबड्डीवाला. दम धरायचा आणि माणूस पाडायचा, एवढंच आपलं ज्ञान. माझ्या पोरी दमानं पळतात, डोक्यानं नाय पळत. शेवटच्या वळणावर मागं पडतात. कुठं चुकतं ते मला दिसत नाय. तुला दिसंल.

इंद्रजीत : दिसायचं तेव्हा. आता तू कुणाला विचारतोयस ते तरी बघ. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मी मैदानात पाय ठेवलेला नाही.

सूर्यभान : रोज फिरायला जातोस ना?

इंद्रजीत : सोसायटीच्या गच्चीवर.

सूर्यभान : गच्चीवर. हर्डल्सचा विद्यापीठ चॅम्पियन गच्चीवर फिरतो. पाण्याच्या टाक्यांवरून उड्या मारतोस का?

इंद्रजीत : हस. हसलास तर दुखतं ना, मग कशाला हसतोस.

कस्तुराबाई : नका हो हसवू त्यांना, भाऊजी. च्या घ्या. तुमच्यात साखर हाय, ह्यांच्यात नाय. कप बदलू देऊ नका, लई डांबरट माणूस हाय.

इंद्रजीत : बसा ना वहिनी तुम्ही पण.

कस्तुराबाई : बसते. भाकरी झाल्यात. काय ठरलं मग तुमचं?

सूर्यभान : ठरतंय कशाचं. हा म्हणतो, पायच ठेवला नाय मैदानात.

कस्तुराबाई : मग बळंच कशाला मागं लागता माणसाच्या? त्यांचंबी वय झालं. समदं आयुष्य गेलं की मैदानातच.

इंद्रजीत : मैदानात कुठं गेलं, वहिनी. तेच तर. पहिली दहा-बारा वर्षं गेली. तेव्हा मी पोरांना घेऊन विद्यापीठाच्या मागं लेण्यांच्या डोंगरावर चढवायचो. पुढं सगळं ऑफिसात आलं. मैदानाचा अर्धा भाग गाड्या लावायला दिला, उरलेल्यावर अध्यक्षांच्या घरची लग्नं. मंडपाच्या खुंट्यांनी ट्रॅकला खड्डे पडले, ते कुणी बुजवले नाहीत. मी जिमखान्यात बसायचो. कॅरमच्या सोंगट्या द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. एखादी सोंगटी हरवली की त्या पोराला झापायचं. हे माझं कोचिंग.

सूर्यभान : पगार तर पूर्ण होता.

इंद्रजीत : होता. तेच सगळे म्हणतात.

सूर्यभान : टोमणा नाय मारला रे. नोकरीच्या त्या मुलाखतीला आपण दोघं बसलो होतो. तुझे मामा संस्थेत होते, माझे मामा मेंढरांमागं होते. त्यात तुझा काय गुन्हा. माझ्या मनातबी नाय ते.

कस्तुराबाई : माझ्या हाय. पर असू द्या.

सूर्यभान : मला त्रास झाला नाय असं नाय. तासिका तत्त्वावर चार कॉलेजं. सकाळी फुलंब्री, दुपारी शहरात, आणि संध्याकाळी कुणी बोलावलं तर सिल्लोड. स्कूटर आणि मी. रिटायर झालो का मी? रिटायर व्हायला आधी नोकरीत असावं लागतं. एका जूनला बोलावणं आलं नाय, दुसऱ्या जूनलाबी नाय आलं. मग समजून घेतलं, की झालो आपण रिटायर. शाल नाय, नारळ नाय.

इंद्रजीत : मला मिळाली शाल. कपाटात आहे. पाहिजे तर घेऊन जा.

सूर्यभान : आपल्या वर्गात खरा शहाणा रामप्रसाद. कोचिंगच्या नादीच लागला नाय. करंडक आणि ढाली विकतो. जिंकणारा कुणीबी असू दे, त्याचं दुकान चालू.

इंद्रजीत : आणि रत्नमाला? तिनं तर महिला कॉलेजात खो-खोचा संघ उभा केला होता. राज्यात नाव होतं.

सूर्यभान : लेकीकडं असती पुण्याला. फोन आलता, मी ऑपरेशनचं कळवलं तेव्हा. म्हणली, इथं सोसायटीच्या पार्किंगमध्ये नातवंडांना खो-खो खेळायला लावते आणि मी बसून बघते. गुडघे गेले तिचे. रडली जराशी. म्हणली, आपण एवढं पळून पोचलो कुठं, सूर्यभान.

इंद्रजीत : तू काय म्हणालास?

सूर्यभान : काय म्हणणार. म्हणलो, इथंच. ... थांब, फोन वाजतोय. ज्ञानेश्वरी हाय. बॅचमधली. सकाळचं सांगायला करत असंल. हां, बोल गं. आवाज तुटतोय तुझा. थांब, बाहेर येतो.

(सूर्यभान फोन घेऊन बाहेर ओट्यावर जातो.)

कस्तुराबाई : सावकाश उठा. चप्पल घाला. ... गेले. भाऊजी, उपकार झाले तुमचे. काल फोनवर मी सांगितलं, तसंच बोललात.

इंद्रजीत : मला जड जातंय, वहिनी. तो आजारी माणूस. आशेनं बोलावलंय त्यानं. आणि मी गच्चीच्या गोष्टी सांगतोय.

कस्तुराबाई : जड मलाबी जातंय. नवऱ्याच्या माघारी असा फोन मी कधी कुणाला केला नव्हता. पर तुमी हो म्हणलात तर काय व्हईल, ते मला ठाव हाय. हा माणूस दवाखान्यात नळ्या लावून पडंल आन कानाला फोन लावून तुमाला इचारंल, आज किती फेऱ्या झाल्या. घरी आला की पंधरा दिवसांत म्हणंल, नुसतं बघून येतो. नुसतं बघायला गेला की वरडंल. वरडला की संपलं.

इंद्रजीत : आणि मी नाही म्हणालो तर?

कस्तुराबाई : तर बंद पडंल. पोरी इकडंतिकडं जातील. ह्यांना लई लागंल. पर माणूस घरात राहील. भाऊजी, माझं लगीन झाल्यापासून दिस उगवताना हा माणूस घरात पाहिला नाय मी. कधीच. हिवाळा असू द्या, पाव्हणेरावळे असू द्या. माझी सासू गेली त्या पहाटंबी मैदानात माणूस पाठवून बोलावून आणलं. मला एकदा सकाळी उठून ह्यांना च्या द्यायचाय. लई मागते का मी?

इंद्रजीत : नाही.

कस्तुराबाई : आन अजिनाथचं तुमाला ठाव हाय का?

इंद्रजीत : तुमचा अजिनाथ? शेंद्र्याला कंपनीत आहे, एवढं माहीत आहे.

कस्तुराबाई : शिफ्टमध्ये हाय. तोबी उतरला होता भरतीला. बापासारखाच, अंगानं दणकट. पर ज्या दिवशी त्याची मैदानी, त्याच दिवशी ह्यांच्या कालेजाची कबड्डीची मॅच, परभणीला. हे गेले परभणीला. दुसऱ्याची पोरं घेऊन. पोरगं एकटं गेलं. थोडक्यात राहिलं. घरी आलं, हातपाय धुतले, जेवलं. बापाला एक शब्द बोललं नाय. आजपर्यंत नाय बोललं. बोललं असतं, भांडलं असतं, तर बरं झालं असतं.

इंद्रजीत : सूर्यानं कधी काढला नाही हा विषय माझ्याजवळ.

कस्तुराबाई : माझ्याजवळ तरी कुठं काढला. आले. काय बोलू नका.

सूर्यभान : इंद्रजीत, एक गंमत झालीय.

इंद्रजीत : काय?

सूर्यभान : ज्ञानेश्वरी सांगती, आज सकाळी तलावाकडच्या रानात एक आजोबा आलते. चष्मा, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आधी लांब बाभळीखाली उभे होते. पोरींना वाटलं, जमिनीचा मालक आला, आता हाकलणार. मग म्हणं मोनिका गोळा फेकत होती, तर हे आजोबा तरातरा चालत आले आणि म्हणले, बाळा, गोळा फेकत नसतात. गोळा ढकलायचा असतो. मानेला लावून दाखवला. तिचा गोळा म्हणं आज कधी नव्हे तेवढा लांब गेला.

इंद्रजीत : बरं.

सूर्यभान : बरं काय? हर्सूलमध्ये गोळा मानेला लावणारे आजोबा किती असतील?

कस्तुराबाई : भाऊजी, तुमी मैदानात गेलता? काल मला हो म्हणून?

सूर्यभान : तुला काय हो म्हणाला हा?

इंद्रजीत : वहिनी—

कस्तुराबाई : राहू द्या भाऊजी. मी सांगते. मी काल भाऊजींना फोन केला होता. म्हणलं, बॅच घ्या म्हणतील, तर नाय म्हणा. कुणीच घेतली नाय की आपोआप बंद पडंल.

सूर्यभान : तू केला फोन?

कस्तुराबाई : मीच केला.

सूर्यभान : मला इचारायचं व्हतंस.

कस्तुराबाई : इचारलं असतं तर काय म्हणला असता? बघू म्हणला असता.

इंद्रजीत : सूर्या, बस आधी. उभा राहू नकोस. वहिनींची काही चूक नाही. त्यांनी मला अजिनाथचं पण सांगितलं.

सूर्यभान : अजिनाथचं काय सांगितलं?

कस्तुराबाई : परभणीचं.

सूर्यभान : मी इथं असतो तरी काय करणार होतो? बापाला आत सोडत नाहीत, कस्तुरा. पोरगं आत, आपण बाहेर. चिठ्ठी नाय, चपाटी नाय. त्याचं त्यालाच पळायचं असतं. मी त्याला तयार करून पाठवला होता.

कस्तुराबाई : गेटाच्या बाहेर उभं राहायचं व्हतं.

सूर्यभान : त्यानं काय झालं असतं?

कस्तुराबाई : काय झालं असतं ते मला नाय सांगता येत. मी काय पळाले नाय कधी. पर बाहेर निघाला तेव्हा बाकीच्यांचे बाप व्हते. कुणी पाण्याची बाटली घेऊन, कुणी नुसतं. हा एकटा बस धरून आला. मी दार उघडलं तर म्हणला, बाबा आले का परभणीहून? जिंकले का?

सूर्यभान : असं म्हणाला?

कस्तुराबाई : व्हय.

सूर्यभान : हे तू मला सांगितलं नाय.

कस्तुराबाई : तुमी जिंकून आलता. पोरं गुलाल लावून दारापर्यंत सोडायला आलती. तेव्हा काय सांगू?

इंद्रजीत : पाणी घे, सूर्या.

सूर्यभान : नको. ... इंद्रजीत, तू नको घेऊ बॅच. ही म्हणती ते बरोबर हाय. बंद करू. मी सांगतो पोरींना. रामप्रसादच्या वळखीनं एखाद्या अकॅडमीत लावतो. ज्यांचे बाप पाठवतील त्या जातील. बाकीच्या राहतील. लई थकलो, बघ. छातीचं नाय सांगत. असाच.

इंद्रजीत : मला बोलू देशील का आता? मघापासून तू आणि वहिनीच बोलताय.

सूर्यभान : बोल.

इंद्रजीत : काल वहिनींना हो म्हणालो, मनापासून म्हणालो. सुटलो असं वाटलं. खरंच सांगतो. कारण मला भीती वाटते. मैदानाची. वीस वर्षं ज्याकडे पाठ केली तिथं तोंड कसं दाखवायचं? पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, उद्या त्याच्या तोंडावर नाही म्हणायचंय, तर कशाला नाही म्हणतोय ते एकदा बघून तरी घ्यावं. रिक्षानं गेलो. बाभळीखाली उभा राहिलो. बघून परत फिरणार होतो.

कस्तुराबाई : मग?

इंद्रजीत : पोरी पळत होत्या, वहिनी. कुणी पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून. एकीच्या पायात भावाचे बूट असावेत, पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. मास्तर नाही, शिट्टी नाही. एक जण फेऱ्या मोजत होती आणि बाकीच्या इमानदारीत पळत होत्या. कुणी वळण कापत नव्हतं. आमच्या कॉलेजात मी उभा असताना पोरं वळण कापायची. आणि ती मोनिका गोळा घेऊन धोंडा भिरकावल्यासारखी... माझ्या तोंडून आपोआप निघालं. ती म्हणाली, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवा म्हणाली, सूर्या. मला असं कुणी कधी म्हणालं होतं, ते आठवेना.

सूर्यभान : त्यांनी इचारलं असंल, तुम्ही कोण.

इंद्रजीत : विचारलं. सांगितलं, तुमच्या सरांच्या वर्गातला आहे. विद्यापीठातला. तर सगळ्या एकदम सरळ उभ्या राहिल्या. मला लाजल्यासारखं झालं. रिक्षा थांबली आहे म्हणून निघून आलो.

कस्तुराबाई : मग मघाशी नाय का म्हणलात?

इंद्रजीत : तुम्हाला शब्द दिला होता ना. वहिनी, तुम्ही सोडवलंत तरच मी सुटतो त्या शब्दातून. मला बॅच घ्यायची आहे. ह्याच्यासाठी नाही, आता माझ्यासाठी. पण माझी एक अट आहे, ती ह्यानं मान्य करायची. बॅच माझी. मैदानी होईपर्यंत ह्यानं तिकडं फिरकायचं नाही. फोनवर फेऱ्या विचारायच्या नाहीत. पोरी इथं भेटायला येतील, ह्यानं तिकडं जायचं नाही. आणि चाचणी झाल्यावर पुढं चालवायचं की बंद करायचं, ते तुम्ही ठरवायचं. मी नाही, हा नाही. तुम्ही.

कस्तुराबाई : मी?

इंद्रजीत : तुम्ही.

सूर्यभान : हिला काय कळतं त्यातलं?

कस्तुराबाई : गेटाबाहेरचं कळतं.

सूर्यभान : बरोबर हाय.

कस्तुराबाई : हे राहतील का घरात, भाऊजी? तुमाला वाटतं?

इंद्रजीत : मला नका विचारू. तो समोर बसलाय.

सूर्यभान : राहतो.

कस्तुराबाई : माझ्याकडं बघून बोला.

सूर्यभान : राहतो, कस्तुरा. मला पळता तरी कुठं येतंय आता.

कस्तुराबाई : मग घ्या, भाऊजी. त्या पोरी तरी कुठं जातील. ती ज्ञानेश्वरी पहाटं इथं सायकल लावून जाती, तेव्हा मला हाक मारून जाती. चार दिवस हाक आली नाय तर मलाच करमत नाय. पर टोपी घालून जावा. तिथं झाडाला सावली नाय, बाभळी नुसत्या नावाला. तुमाला काय झालं तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू?

इंद्रजीत : घालतो.

सूर्यभान : इंद्रजीत, एवढं एक ऐकून घे. मग नाय बोलत. मोनिका पहिल्या फेरीत जीव तोडून पळती, तिला धरून ठेव. ज्ञानेश्वरीच्या नडगीत दुखतंय, ती सांगत नाय कुणाला, मघाशी मीच खोदून इचारलं. तिला दोन दिवस नुसतं चालव. आणि कुणाला तोडून बोलू नको. घरी लई ऐकून येतात त्या.

इंद्रजीत : नाही बोलणार.

सूर्यभान : वळणावर का मागं पडतात, ते बघितलंस का?

इंद्रजीत : बघितलं. खांदे आवळतात. दमल्या की मुठी घट्ट करतात, मान ताठ होते. हात सैल सोडायला शिकवावं लागेल. होईल, वेळ आहे अजून.

सूर्यभान : मुठी. इतके दिवस मी पायाकडं बघत राहिलो.

कस्तुराबाई : झालं का? आता पडा जरा. भाऊजी, जेवून जायचं तुमी, भाकरी हाय आणि मेथी हाय. ह्यांच्या भाजीत मीठ नाय, तुमच्यात घालते.

इंद्रजीत : त्याच्यातलीच द्या. मला पण आता सवय केली पाहिजे.

सूर्यभान : कस्तुरा, अजिनाथची आज कुठली शिफ्ट?

कस्तुराबाई : पहिली. दुपारी येईल. का?

सूर्यभान : काय नाय. आला की मला उठव. झोप लागली असली तरी उठव.